आखूडशिंगी, बहुदुधी अँटेना

आमच्या पिकअपचा अँटेना दोरीने मोडला. क्रेटवर ताडपत्री टाकून आम्ही दोर आवळत होतो. दोराचा एक फेरा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर बसवलेल्या अँटेनात अडकलाय, हे मला इकडून दिसलं नाही. अण्णांनी पलीकडून हिसका दिला आणि काडी बुडातून मोडून खाली पडली. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी ती उचलून डॅशबोर्डवर ठेवली आणि गाडी वाशीला घेऊन गेले.

टोमॅटोच्या सीझनमध्ये त्यांचा नेम ठरलेला असतो. नारायणगावात माल भरायचा, रात्री नऊच्या सुमाराला निघायचं, आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण करत दीड-दोनला वाशी मार्केट गाठायचं आणि सकाळी रिकामे क्रेट घेऊन परत. गाडीतला सेट जुना आहे. त्याला ब्लूटूथ नाही, पेनड्राइव्ह चालतो. पण पेनड्राइव्हवरच्या त्याच दोनशे गाण्यांनी झोप उडत नाही, उलट लागते, असं अण्णांचं म्हणणं आहे. पुढे काय येणार हे माहीत असलं की डोकं झोपायला मोकळं. रेडिओवर कोणीतरी आत्ता, या क्षणाला बोलत असतं. त्यामुळे जाताना घाट संपेपर्यंत आकाशवाणीचं मिडियम वेव्ह, म्हणजे सेटवर ज्याला एएम लिहिलेलं असतं ते. कल्याणच्या पुढे मुंबईचं एफएम. आणि येताना सकाळच्या प्रादेशिक बातम्या. हे सगळं त्या एका काडीवर अवलंबून होतं.

"वायरमनकडून एखादा टाकून घेतो," अण्णा दुसऱ्या दिवशी म्हणाले.

"थांबा, मी बघतो. दुकानात काहीही गळ्यात मारतील," मी म्हणालो.

इथे माझी ओळख करून देणं भाग आहे, कारण लाज त्यातच आहे. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अँटेनाचा पेपर मागच्याच सेमिस्टरला दिला. मार्कही बरे पडले. आणि एवढं सगळं शिकून मी काय केलं, तर मोबाइलवर 'कार अँटेना' असं टाइप केलं, स्टार जास्त असलेल्यांवर नजर फिरवली आणि काळा, चकचकीत शार्क फिन मागवला. साडेसहाशे रुपये. फोटोत तो एका पांढऱ्याशुभ्र एसयूव्हीच्या टपावर बसलेला होता. खाली लोकांनी लिहिलं होतं: लुक एकदम भारी, पॅकिंग छान, टेप मजबूत. कोणत्या गावात, कोणतं स्टेशन, कसं लागतंय, याबद्दल एकानेही अक्षर लिहिलेलं नव्हतं. हे मला तेव्हा खटकलं नाही.

आपल्याकडे या खरेदीला फार जुना शब्द आहे. आखूडशिंगी, बहुदुधी. गायीची शिंगं आखूड हवीत, म्हणजे कोणाला लागणार नाहीत, आणि दूध मात्र कासंडी भरून हवं. बाजारात आज जे तळहाताएवढे 'स्टायलिश' अँटेना मिळतात ते बरोब्बर या गायीचं आश्वासन देतात. माझं म्हणणं असं आहे की कामाच्या गाडीला, निदान जिच्यात एएम ऐकलं जातं त्या गाडीला, अशी गाय घेऊ नये. लांब, साधा, दिसायला ओबडधोबड असा काडीचा अँटेनाच घ्यावा. हे मत मी पेपर देऊन बनवलेलं नाही. दोन आठवडे चूक भोगल्यावर बनलंय, आणि ती भोगली अण्णांनी.

झालं असं. फिन मी टेपने टपावर चिकटवला, त्याची वायर जुन्या अँटेनाच्या बुडाशी जोडली. अजून एक वायर उरली होती, तिचं काय करायचं ते कळेना, म्हणून गुंडाळून टेप मारून टाकली. गाडी खरंच भारी दिसत होती. एफएम गावात लागलं, थोडं खरखरत. एएमवर पुणे केंद्र लावलं, तर नुसता पावसाचा आवाज. "रात्री येईल," मी म्हणालो. रात्री आलं नाही. आणि अण्णांनी तक्रार करायच्या ऐवजी मोबाइल स्टँडला लावला आणि डाउनलोड केलेली कीर्तनं बघायला सुरुवात केली. बघायला, ऐकायला नव्हे. हे मला सुटीत एका रात्री त्यांच्यासोबत गेलो तेव्हा कळलं. माळशेजमध्ये एक कीर्तन संपलं, रेंज नव्हती, अण्णांनी पुढचं शोधायला मोबाइल हातात घेतला आणि वळणावर समोरून ट्रकचा डिपर आला. एवढंच. काही झालं नाही. अण्णांनी मोबाइल मांडीवर टाकला, गाडी डावीकडे घेतली, आणि मुरबाड येईपर्यंत दोघंही बोललो नाही.

मग मी वही उघडली.

आता जे गणित सांगतो ते बारावीच्या पलीकडचं नाही. रेडिओ लहरीची लांबी मीटरमध्ये काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागायचं. एफएम आपल्याकडे साधारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर असतं. मधली १०० धरा. लहर निघते ३ मीटरची. गाडीच्या पत्र्यावर उभा केलेला अँटेना लहरीच्या पाव लांबीचा असला की त्याचं उत्तम जमतं, म्हणजे ७५ सेंटिमीटर. जुन्या गाड्यांवरचे अँटेना आठवून बघा. ते ७५-८० सेंटिमीटरचे असायचे. ती कोणाची आवड नव्हती, लहरीचं माप होतं. तुमच्यातल्या ज्यांनी फोनवर एफएमचं अ‍ॅप उघडलंय त्यांना "इअरफोन लावा" असा मेसेज आठवत असेल. ऐकण्यासाठी स्पीकर असतोच की! पण फोनच्या पोटात मीटरभर वायर मावत नाही, म्हणून तो इअरफोनच्या वायरलाच अँटेना करतो. बिनवायरचे इअरबड आले आणि तेही गेलं.

बोटाएवढ्या रबरी अँटेनात काय करतात? आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळतात. त्यामुळे विजेच्या हिशेबाने तो पाव लहरीचा वाटतो, पण हवेत उभी असलेली उंची कमी ती कमीच. केंद्र जवळ असेल तर फरक कळत नाही. लांब गेलात की कळतो.

खरी गंमत एएमची आहे. आकाशवाणीचं पुणे केंद्र मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला. करा भागाकार. लहर जवळजवळ ३७९ मीटर लांब! तिचा पाव भाग ९५ मीटर. म्हणजे एवढा अँटेना लावायचा तर पिकअपवर तीस मजली इमारतीएवढी काडी उभी करावी लागेल. कोणताच गाडीचा अँटेना एएमसाठी 'बरोबर' लांबीचा नसतो, सगळेच तोकडे. तो फक्त हवेतलं थोडंसं व्होल्टेज चाखतो आणि केबलने सेटकडे पाठवतो. उंची निम्मी केली की व्होल्टेज निम्मं होतं. वर केबल स्वतः त्यातला बराच वाटा खाऊन टाकते, आणि अँटेना जितका आखूड तितका केबलचा वाटा मोठा. ८० सेंटिमीटरची काडी काढून ७ सेंटिमीटरचा फिन बसवणाऱ्या माझ्यासारख्याने एएमची अपेक्षा करणं म्हणजे हंडा काढून वाटी ठेवायची आणि नळाला नावं ठेवायची.

मग कंपन्या नव्या गाड्यांना फिन का देतात? त्या मूर्ख आहेत का? नाहीत. फिनच्या आत बऱ्याचदा जीपीएसचा अँटेना असतो, कधी मोबाइल नेटवर्कचाही. जीपीएसची मुख्य फ्रिक्वेन्सी १५७५ मेगाहर्ट्झ. भागा ३०० ला. लहर १९ सेंटिमीटर, पाव भाग पाच सेंटिमीटरच्या आत. त्या लहरीला फिनची उंची अगदी मापात बसते. रेडिओसाठी कंपनी वेगळी सोय करते, कधी फिनमध्येच नीट बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर, कधी मागच्या काचेवर तारा. आपण नक्कल करतो ती फक्त आकाराची. जीपीएसचा सदरा शिवला आणि रेडिओच्या अंगात घातला.

लहरीचं माप बघून वस्तू बनवायची, याचा जगातला मोठा नमुना आमच्या घरापासून मोटरसायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर उभा आहे. खोडदची जीएमआरटी दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे प्रदर्शन असतं, शाळांच्या बसच्या बस येतात. मीही शाळेतून गेलो होतो, आणि त्या डिश बघून माझा हिरमोड झाला होता. चकाकणारा पत्राच नाही! बारीक तारेची जाळी, दोरांवर ताणून बसवलेली. पलीकडचं आकाश दिसतंय. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली, असं मी सोबतच्या पोराला म्हणालो होतो. नंतर कळलं की हुशारी तिथेच आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या टीमने ही दुर्बीण मीटरभर आणि आसपासच्या लांबीच्या लहरींसाठी बांधली. तिच्याकडे येणारी सगळ्यांत छोटी लहरसुद्धा वीस-एकवीस सेंटिमीटरची. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. एवढ्या भोकातून ती लहर पलीकडे जात नाही; तिच्या लेखी जाळी आणि पत्रा सारखेच. मग पत्र्याचा खर्च कशाला, त्याचं वजन कशाला, वाऱ्याला तोंड द्यायला जाडजूड सांगाडा कशाला? दिसायला खुराडं, पण जगभरातले खगोलशास्त्रज्ञ तिथे वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. तो प्रसंग मला माझ्या साडेसहाशे रुपयांच्या फिनसमोर बसून आठवला. दहा वर्षांत माझी अक्कल 'चकाकणारा पत्राच नाही' याच्या पुढे गेलेली नव्हती.

शेवटी वायरमनकडे गेलोच. गाड्यांची वायरिंग करण्यात त्यांची वीसेक वर्षं गेलीत. त्यांनी फिनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अण्णांना विचारलं, "इंजिनीअरनी बसवलाय का?"

त्यांनी जे केलं ते मी क्रमाने सांगतो, कारण अँटेना निवडण्याआधी नेमकं काय बिघडलंय हे बघायचं असतं आणि मी ते बघितलंच नव्हतं. सेटच्या मागून त्यांनी अँटेनाची पिन काढली आणि त्या भोकात मीटरभर साधी वायर खुपसून खिडकीबाहेर लोंबती सोडली. पुणे केंद्र बोलू लागलं. म्हणजे सेट ठीक. मग मीटर काढला. पिनच्या मधल्या टोकापासून वर अँटेनापर्यंत वीज सरळ जायला हवी. मधलं टोक आणि बाहेरची कडी यांच्यात मात्र अजिबात जाता कामा नये. आणि बाहेरची कडी गाडीच्या पत्र्याला लागलेली हवी. आमच्याकडे तिसरी गोष्ट नापास झाली. जुन्या अँटेनाच्या बुडाखाली गंज धरला होता, अर्थिंगच मिळत नव्हतं. म्हणजे काडी मोडायच्या आधीपासूनच आमचा रेडिओ अर्ध्या पोटी जगत होता.

हे मला पेपरात आलं होतं! 'ग्राउंड प्लेन'वर आठ मार्कांचा प्रश्न. काडी हा अँटेनाचा फक्त अर्धा भाग असतो, उरलेला अर्धा म्हणजे तिच्याखालचा पत्रा. मी आकृती काढून, बाण दाखवून उत्तर लिहिलं होतं. आणि गंजावर फिनची वायर जोडून मोकळा झालो होतो.

उरलेल्या वायरचा उलगडाही तिथेच झाला. फिनमध्ये एक बारकासा अ‍ॅम्प्लिफायर होता आणि ती वायर म्हणजे त्याचं जेवण, १२ व्होल्ट. सेटच्या मागे अँटेनासाठी बहुधा एक निळी वायर असते; सेट सुरू झाला की तिच्यात करंट येतो. ती न जोडता असा फिन लावला तर उपाशी अ‍ॅम्प्लिफायर उलट सिग्नलच्या वाटेत आडवा बसतो. वायरमनांनी ती जोडून दाखवली. एफएम सुधारलं, मान्य करायला हवं. एएमवर मात्र पुणे केंद्र पुटपुटल्यासारखं, आणि खरखर आधीपेक्षा मोठ्याने. अ‍ॅम्प्लिफायरला बातम्या आणि खरखर यातला फरक कळत नाही. अँटेनाने जे पकडलं त्यालाच तो मोठं करतो. पकडलंच नाही ते कुठून आणणार?

मग निवड. इथे वायरमन आणि मी पहिल्यांदा एका पातळीवर बोललो. लांबी ठरली होती, ७५ ते ८० सेंटिमीटर. ओढून लांब करायचा तीन तुकड्यांचा स्टीलचा अँटेना स्वस्त होता, पण सांध्यात धूळ बसते, मग तो ओढताना अडकतो आणि जोर लावला की मोडतो. शिवाय सांध्यांवर संपर्क ढिला होत जातो. आम्ही अखंड काडीचा घेतला, आत तार आणि वरून फायबर, बुडाशी स्प्रिंग. दोर लागला, फांदी लागली तर वाकून परत उभा राहतो. पण त्याहून महत्त्वाचा होता जागेचा प्रश्न. दाराजवळच्या खांबावर पुन्हा लावला असता तर पुढच्या सीझनला पुन्हा दोरात आला असता. म्हणून तो पुढे, बॉनेटच्या बाजूला मडगार्डवर नेला. पेट्रोल गाडी असती तर इंजिनाजवळ नेताना विचार करावा लागला असता, कारण स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे छोटं रेडिओ केंद्रच. डिझेलला स्पार्क प्लग नसतात. अल्टरनेटरची शीळ तेवढी येऊ शकते, ती आली नाही.

जागा बदलली म्हणजे केबल लांब लागणार. घरात डिश टीव्हीची केबल पडलेली होती, ती जोडू का, असं मी विचारलं. वायरमन नको म्हणाले, पण का नको ते त्यांना सांगता येईना, "त्याने एएम मरतं, बाबा." ते मला सांगता आलं, आणि तेवढ्यापुरती पेपरची लाज राखली गेली. गाडीच्या अँटेनाची केबल वेगळी असते. मधली तार केसासारखी बारीक, भोवती बरीचशी हवा. त्यामुळे ती स्वतः कमी सिग्नल खाते. टीव्हीची केबल एएमच्या त्या इवल्याशा व्होल्टेजला वाटेतच गिळते. एफएमला तितका फरक पडत नाही, म्हणूनच लोक ती बिनधास्त जोडतात आणि मग म्हणतात, एएम हल्ली लागत नाही. भोकाभोवतीचा रंग वायरमनांनी पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, अँटेना आवळला, वरून ग्रीस लावलं. केबलसकट चारशे ऐंशी, मजुरी दोनशे. फिनपेक्षा तीस रुपये जास्त, आणि फिनचे साडेसहाशे वेगळे.

यावर माझ्या रूमवरच्या मित्रांचं म्हणणं असं की हे सगळं कशासाठी? ब्लूटूथचा सेट दोन हजारांत येतो, काकांना एक चांगला घेऊन दे, एएम ऐकतंय कोण आता. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण तो मांडणारे सगळे पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवरून जातात. माळशेजमध्ये नेट जातं. एफएम मुंबईचं असो की पुण्याचं, ते जवळजवळ सरळ रेषेत चालतं, मध्ये सह्याद्री आला की संपलं. मिडियम वेव्हची लांब लहर जमिनीला धरून डोंगराच्या अंगाखांद्यावरून पलीकडे उतरते. रात्री तर वरच्या वातावरणातला तिला शोषून घेणारा थर विरून जातो, ती आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवर खाली येते. म्हणून अण्णांना कधी कधी गुजराती ऐकू येतं, कधी कन्नड. कळत नाही, तरी ठेवतात. माणूस बोलतोय ना, म्हणतात. आणि ब्लूटूथचा सेट घेतला तरी गाणं बदलायला हात मोबाइलकडेच जाणार. चालत्या गाडीत मोबाइल हातात घेणं २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं, पण कायदा राहू द्या, मी तो डिपर बघितलाय.

याचा अर्थ सगळ्यांनी लांब काडी लावावी असं मी म्हणत नाही. पिकअप पुण्यातल्या पुण्यात पार्सल वाटत फिरत असेल, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये रोज शिरत असेल आणि ड्रायव्हर फक्त एफएम ऐकत असेल, तर वीत-दीड वीत लांबीचा रबरी अँटेना त्याला पुष्कळ झाला. फक्त बुडाच्या आट्या जुळतायत का ते बघून घ्यावं, सगळ्या गाड्यांच्या सारख्या नसतात. आणि मिडियम वेव्हची केंद्रं किती वर्षं चालू राहतील याची खात्री मी देऊ शकत नाही. ती एफएमवर गेली तर माझं अर्धं गणित बदलेल. तेव्हा बदलू. आज अण्णांचं स्टेशन ७९२ वर आहे, तर आजचा अँटेना त्याच्या मापाचा हवा. कोणतं स्टेशन, कोणता रस्ता, गाडीवर काय लादलं जातं: दुकानात जाण्याआधी एवढं ड्रायव्हरला विचारलं असतं तरी पुरलं असतं. मी ते विचारलं नाही, कारण ड्रायव्हर माझा बाप होता आणि इंजिनीअर मी होतो.

नव्या अँटेनावर पहिल्या रात्री पुणे केंद्र ओतूरपर्यंत स्वच्छ आलं, मग एकदम करकर सुरू झाली. अण्णांनी फोन केला. मी घाबरलो. त्यांना म्हटलं, लायटरच्या भोकात चार्जर आहे का, तो काढून बघा. काढला. करकर थांबली. स्वस्तातला चार्जर आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि तेवढीच रेडिओ घाण बाहेर टाकतो. एलईडीच्या पट्ट्याही तेच करतात. खोडदची जागा निवडताना परिसरात असला गोंगाट कमी असणं हा एक निकष होता, तो यामुळेच. आता अण्णा फोन निघण्याआधी घरीच चार्ज करतात आणि गाडीत तो बंद करून डॅशबोर्डच्या खणात टाकतात, जुन्या मोडक्या काडीशेजारी.

शार्क फिन अजून टपावर आहे. वायर काढून घेतली, पण टेप खरंच मजबूत निघाला, ओढला की रंग येतो. अण्णा म्हणाले, "राहू दे. गाडी बरी दिसते."